सव्वा सुताचं रिवेट: झेनिथ सीएच-७५० च्या बांधणीच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२१, मेक्सिको, मिसुरी

गावाचं नाव मेक्सिको, पण आहे अमेरिकेच्या मिसुरी राज्यात. सेंट लुइसच्या माझ्या घरून गाडीने दोन तास. इथे घरी बांधायच्या छोट्या विमानांची किटं बनवणाऱ्या झेनिथ कंपनीचा कारखाना आहे आणि ते दोन दिवसांची एक कार्यशाळा घेतात. गुरुवारी सकाळी आपल्यापुढे पत्रे, पट्ट्या आणि रिवेट ठेवतात. शुक्रवारी संध्याकाळी आपण स्वतः बांधलेला रडर, म्हणजे विमानाचं उभं शेपूट, घेऊन घरी जायचं. आवडलं तर पुढचं किट घ्या, नाही तर रडर भिंतीवर टांगा.

आज रिब आणि स्पार जोडले. स्पार म्हणजे तुळई, रिब म्हणजे वासे, वर पत्र्याचं छप्पर. घर बांधतात तसंच. फरक इतकाच की हे छप्परसुद्धा भार घेतं. पत्रा नुसता झाकायला नसतो, पिळाला विरोध तोच करतो.

या विमानाच्या उभ्या शेपटीला स्थिर भाग नाही. इतर विमानांत पुढे उभा पंख पक्का असतो आणि मागचा तुकडा हलतो. इथे सगळं शेपूटच वळतं, कारण हे विमान फार हळू उडायला बनवलेलं आहे आणि हळू वेगात वाऱ्याची पकड कमी असते.

रचनाकार ख्रिस हाइन्ट्झ. मॉडेलच्या नावातलं 'सीएच' त्यांचंच. फ्रान्समध्ये असताना कॉन्कॉर्डवर काम केलं, रोबिन कंपनीत मुख्य अभियंते होते, मग कॅनडात गेले. त्यांच्या आडनावाची रोमन अक्षरं फिरवून लावली की 'झेनिथ' होतं. हे दुपारी जेवताना एकाने सांगितलं आणि मी कागदावर लिहून पडताळून पाहिलं.

१५ ऑक्टोबर २०२१

रडर झाला. मागची सीट पाडून गाडीत बसवला आणि घरी आल्याआल्या कोल्हापूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती, आबा, म्हणजे माझे वडील, अंघोळ करून बसले होते. कॅमेरा रडरवर फिरवला. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं पत्र्याचं काम केलं आहे: ट्रंका, धान्याच्या कोठ्या, कूलरचे सांगाडे. त्यांनी शेपूट पाहिलं, विमान पाहिलं नाही. रिवेट पाहिले.

"केवढ्याचं रिवेट हाय ह्ये?"

मी म्हटलं, दोन मापं आहेत, एक इंचाचा आठवा भाग आणि एक पाच बत्तिसांश.

"म्हंजे एक सूत आणि सव्वा सूत," आबा म्हणाले. "मग सरळ सांग की."

मी थोडा वेळ गप्पच राहिलो. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत, हे मी लहानपणी रोज ऐकलेलं. इंजिनिअरिंगला गेल्यावर मिलिमीटर आले आणि सूत विसरलो. इथे अमेरिकेत अजून इंच चालतो, आणि आबांचं माप या किटवर जसंच्या तसं बसतं.

पत्र्याची जाडी सांगितली, ०.०१६ इंच. त्यांनी २७ गेजच्या आसपास धरली आणि विचारलं, "बर काढलीस का?"

भोकांच्या कडेची ती धार काढली होती. पण सगळीकडे नाही.

३० ऑक्टोबर २०२१

किटची ऑर्डर दिली. आबांनी सांगितलं, रोज काय केलंस ते लिहीत जा. तसंही मला लिहावंच लागणार आहे. 'स्वतः बांधलेलं विमान' म्हणून नोंद व्हायची तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून केलेलं असलं पाहिजे, आणि ते दाखवायला फोटो आणि नोंदी ठेवाव्या लागतात. ती वही इंग्रजीत. ही मराठीत, आबांसाठी, आणि मराठीत या विषयावर शोधाशोध करणाऱ्या कुणासाठीही. मी शोधलं तेव्हा वाचायला फारसं मिळालं नव्हतं.

हेच विमान का, तेही लिहून ठेवतो. माझ्याकडे स्पोर्ट पायलटचा परवाना आहे. २००४ साली अमेरिकेने 'लाइट-स्पोर्ट' हा वर्ग काढला. त्याच्या तेव्हाच्या मर्यादा: दोनच माणसं, एकूण वजन जास्तीत जास्त १,३२० पौंड म्हणजे ६०० किलो, एकच इंजिन, आत न मिटणारी पक्की चाकं. परवान्याला किमान २० तासांचं उड्डाण पुरतं आणि वैद्यकीय दाखल्याच्या जागी गाडीचं लायसन्स चालतं. सीएच-७५० या मर्यादेत बसवता येतं. त्याचा मोठा भाऊ सीएच-७०१ हा १९८६ चा, हे २००८ साली आलं. वर पंख, खाली मोठी चाकं, दोन्ही सीटांच्या मधे विमान वळवायची एकच वाय आकाराची दांडी. सुबक दिसत नाही. पण गवताच्या छोट्या पट्टीवर उतरतं, आणि मला वेगाची हौस नाही. मला खालची शेतं बघायची आहेत.

११ डिसेंबर २०२१

खोके आले. दिवसभर मोजणी. यादीशी सगळं जुळलं, दोन पिशव्या सोडून. त्या संध्याकाळी खोक्याच्या तळाशी सापडल्या. मुलीने रिवेटच्या डब्यांना लेबलं लावली. तिच्या अक्षरात एका डब्यावर 'एक सूत', दुसऱ्यावर 'सव्वा सूत'.

१६ जानेवारी २०२२

आडवं शेपूट, म्हणजे स्टॅबिलायझर. गॅरेजमध्ये हीटर लावूनही बोटं वळत नाहीत.

बर काढण्याबद्दल आज सविस्तर लिहितो, कारण या महिन्यातले निम्मे तास त्यातच गेले. ड्रिल पत्र्यातून बाहेर पडतं तेव्हा भोकाच्या कडेला बारीक धारदार ओठ उरतो. तो ओठ म्हणजे बर. दोन पत्रे एकमेकांवर ठेवले की त्यांच्यामध्ये हा ओठ राहतो आणि पत्रे चिकटून बसत नाहीत. रिवेट ओढलं की वरून घट्ट दिसतं, आत मात्र केसाएवढी फट. विमान सतत थरथरत असतं. फटीतला पत्रा हलतो, भोक मोठं होतं, कडेच्या त्या ओरखड्यापासून तडा सुरू होतो. म्हणून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी, दोन्ही पत्र्यांचं. आधी सगळं क्लेकोने जोडून भोकं पूर्ण मापाची करायची. क्लेको म्हणजे स्प्रिंगचा चिमटा, भोकात घातला की दोन पत्रे तात्पुरते धरून ठेवतो. एक सुताचा तांब्याच्या रंगाचा, सव्वा सुताचा काळा. मग सगळं पुन्हा सुटं करायचं, बर काढायची, सांध्यांना प्रायमर लावायचा, परत जोडायचं आणि मगच रिवेट. म्हणजे तीच वस्तू दोनदा जोडायची. पहिल्या महिन्यात याचा कंटाळा आला. आता येत नाही.

आबांचं म्हणणं: "बोट फिरव. बोटाला लागतंय म्हंजे अजून हाय."

१२ मार्च २०२२

आज एक तुकडा वाया घालवला.

स्टॅबिलायझरच्या मागच्या स्पारवर एल आकाराची एक जाड पट्टी बसते, तिला विमानाच्या धडाला जोडणारे बोल्ट येतात. बहुतेक भोकं कारखान्यातून पडूनच येतात, या पट्टीवरची काही आपण मारायची असतात. मी पट्टी उलट्या बाजूने धरून आखणी केली. आखणी बरोबर होती, पट्टी चुकीची धरली होती. तीन भोकं कडेच्या फार जवळ गेली.

नियम सोपा आहे: भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिवेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवं. सव्वा सुताच्या रिवेटला अडीच सूत. माझी भोकं दीड सुतावर होती. एवढ्या अरुंद काठाला भार आला की काठच फाटतो.

तासभर मी त्या पट्टीकडे बघत बसलो. 'एखादं रिवेट जास्तीचं मारलं तर चालेल' असं मनात दोनदा आलं. मग वैमानिकांच्या स्थानिक मंडळातल्या तांत्रिक सल्लागारांना फोन केला. ते निवृत्त मेकॅनिक आहेत, पैसे न घेता घरी येऊन काम बघतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला: या पट्टीवर काय लटकतं? मी म्हटलं, सगळं शेपूट. ते म्हणाले, मग उत्तर तुम्हीच दिलंत.

पट्टी करवतीने मधोमध कापली आणि भंगारात टाकली. कापली अशासाठी की थकलेल्या एखाद्या रात्री ती परत उचलून वापरावीशी वाटू नये. नवी मागवली. आता आखणी झाली की ड्रिल हातात घेण्याआधी मी गॅरेजच्या बाहेर जाऊन येतो, आणि परत आल्यावर वस्तू पुन्हा पहिल्यांदा बघतोय असं बघतो.

२ एप्रिल २०२२

नवी पट्टी बसली. स्टॅबिलायझर आणि एलिव्हेटर, म्हणजे त्याच्या मागचा हलता भाग, पूर्ण. आतापर्यंत १४२ तास.

१९ जून २०२२

डावा पंख. टेबल आधी पाणसळीने सपाट केलं, चारही पायांखाली पातळ पट्ट्या घातल्या. पंखात पीळ राहिला तर विमान कायम एका बाजूला झुकत उडतं आणि जन्मभर दांडी ओढून धरावी लागते. कर्ण मोजले: दोन्ही कर्णांत अर्ध्या सुताहून कमी फरक. चालेल.

रिवेटबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली होती. ही रिवेट चपट्या डोक्याची येतात. पण रिवेटगनच्या तोंडाला खोलगट केलेला तुकडा असतो, त्यामुळे ओढताना डोकं दाबलं जाऊन गोल घुमट होतं आणि कडा पत्र्यावर दाबून बसते. आतली पोलादी काडी तुटते, तिचा तुकडा आतच राहून भोक बुजवतो. एका बाजूने काम होतं, पलीकडून कुणी ठोकणी धरायला लागत नाही. एकट्या माणसाला गॅरेजमध्ये विमान बांधता येतं त्याचं हे मोठं कारण आहे.

२८ जुलै २०२२, ऑशकॉश, विस्कॉन्सिन

हौशी विमानबांधणीकारांची संघटना, ईएए, १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी सुरू केली. तिचा हा वार्षिक मेळा. सकाळपासून फक्त सीएच-७५० शोधत फिरलो आणि प्रत्येकाच्या ब्रेकच्या नळ्या कुठून नेल्या आहेत ते बघितलं. मालक आनंदाने झाकणं उघडून दाखवतात. २०१४ साली याच मैदानावर, याच मेळ्यात, सीएच-७५० चा क्रूझर हा प्रकार एका आठवड्यात बांधला होता. येणारेजाणारे लोक एकेक रिवेट ओढून जात होते. मला त्याच्या थोरल्या बहिणीला नऊ महिने झाले आहेत आणि एकच पंख तयार आहे. तरी इथून घरी जाताना घाई वाटत नाहीये.

२१ ऑगस्ट २०२२

पेट्रोलच्या टाक्या. प्रत्येक पंखात एक, १२ गॅलनची, म्हणजे ४५ लिटर. वेल्डिंग केलेल्या येतात, गळती तपासणं आपलं काम. एक तोंड सोडून सगळी बंद केली, त्या तोंडावर मुलीचा फुगा बसवला, टाकीत हलकी हवा भरली, सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी. बुडबुडा कुठे नाही. फुगा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी थोडा सैल होता, पण रात्री थंडीही पडली होती. दुपारी गॅरेज तापल्यावर परत टम्म. टाकी चांगली आहे.

२५ सप्टेंबर २०२२

स्लॅट. या विमानाची सगळी करामत यात आहे, म्हणून मन लावून लिहितो.

पंखाच्या पुढे, कडेपासून थोडी फट ठेवून, एक अरुंद वाकडी पट्टी पंखाच्या लांबीभर बसवतात. विमान हळू उडवायचं तर नाक वर करावं लागतं, म्हणजे पंख हवेला जास्त तिरका होतो. साधा पंख पंधराएक अंशांच्या पुढे गेला की वरची हवा पृष्ठभाग सोडून देते, उचल एकदम जाते. त्यालाच स्टॉल म्हणतात. स्लॅट असला की खालची हवा त्या फटीतून जोरात वर येते आणि वरच्या दमलेल्या हवेला ढकलत पंखाला चिकटवून ठेवते. या विमानात तो कोन ३० अंशांपर्यंत नेता येतो असं रचनाकाराचं सांगणं आहे. म्हणून त्याचा स्टॉल ताशी ३५ मैलांच्या आसपास होतो.

आई फोनवर नेहमी विचारते, वर गेल्यावर बंद पडलं तर? आज तिला सांगितलं: ३५ मैल म्हणजे ५६ किलोमीटर. कोल्हापूर-गारगोटी एसटी याहून जोरात जाते. इंजिन बंद पडलं तर नाक खाली करायचं, वेग टिकवायचा आणि समोर दिसेल त्या शेतात उतरायचं. तिने विचारलं, शेतात ऊस असला तर? मी म्हटलं, इथे मका असतो. तिचं समाधान झालं नाही, आणि तिचा प्रश्न बरोबर आहे. उंच पिकात उतरणं चांगलं नाही. म्हणूनच उडताना मी मोकळी शेतं डोक्यात ठेवत जाईन.

फट सगळीकडे सारखी आणायला लाकडाचा एक गुटका केला आणि तो पट्टीभर सरकवत नेला. जिथे अडला तिथे कंसाखाली पातळ वॉशर. ९ तास.

१३ नोव्हेंबर २०२२ ते २५ मार्च २०२३

काम बंद. नोकरीत बदल. पंख भिंतीला टेकवून, गोधड्यांत गुंडाळून ठेवले होते.

१० जून २०२३

आई-आबा आले आहेत. तीन महिने.

विमानतळावरून घरी आल्यावर आबा चहा न घेता गॅरेजमध्ये गेले. धड आता टेबलावर होतं, शेपटाकडचा निमुळता भाग जोडून झालेला. केबिनचा पोलादी नळ्यांचा सांगाडा वेल्डिंग होऊन येतो, तोही आला होता. आबांनी आधी नळ्यांचं वेल्डिंग पाहिलं. प्रत्येक सांध्यावर अंगठा फिरवला. "चांगला हात हाय." मग पत्र्याकडे वळले. कानस, पत्राकातर, शेगडा कुठे आहे ते विचारून घेतलं. मोगरी विचारली. मी म्हटलं, आबा, इथे ठोकाठोकी जवळजवळ नाहीच. त्यांना ते पटलं नाही असं चेहऱ्यावर दिसलं.

आज त्यांनी पहिलं रिवेट ओढलं. ७३ वर्षं वय, उजव्या हाताच्या दोन बोटांना जुनी दुखापत, पण गन एकदम काटकोनात.

१८ जून २०२३

आठ दिवस रोज सकाळी ६ ते ९ आम्ही दोघं. नोंदवहीत 'वडील' म्हणून त्यांचे तास वेगळे लिहितोय. घरच्यांची मदत नियमात बसते.

आज एक फार महत्त्वाची गोष्ट झाली. मी धडाच्या तळाच्या पत्र्यावर रिवेट ओढत होतो, आबा पलीकडे क्लेको काढत होते. मध्येच म्हणाले, थांब. आवाज बदलला. काडी तुटताना 'टक' यायचा तो 'टच' येतोय. मला काही वेगळं ऐकू येत नव्हतं. त्यांनी दाढीच्या ब्लेडचा तुकडा मागितला आणि शेवटच्या पंधराएक डोक्यांच्या कडेने सरकवून पाहिला. पाच ठिकाणी पातं आत गेलं. गनचं खोलगट तोंड झिजून एका बाजूने चपटं झालं होतं, म्हणून डोकं वाकडं दाबलं जात होतं.

पाचही ड्रिलने काढली. आधी डोक्यात ड्रिल, मग पंचाने काडी खाली पाडायची, भोक मोठं होऊ द्यायचं नाही. नवं तोंड लावलं. आता दर शंभर रिवेटनंतर ब्लेड फिरवतो.

दुपारी आबांनी कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादव यांचा विषय काढला. चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं, २०१६ साली मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते ठेवलं होतं, आबांनी टीव्हीवर बघितलं. "त्येनं सगळं स्वतः काढलं. तुला निदान कागदावर लिहून दिलंय." बरोबर आहे. माझ्यापुढे नकाशे आहेत, तयार भोकं आहेत, फोन केला की उत्तर देणारी माणसं आहेत, आणि दोन तासांवर कारखाना. गच्चीवर, परवानगीची वाट बघत, जिन्यावरून सामान नेत विमान बांधणं किती वेगळ्या प्रतीचं काम आहे हे एका रडरनंतर मला कळायला लागलं.

३ सप्टेंबर २०२३

काल रात्री आई-आबा परत गेले. धड पूर्ण. आबांचे ११८ तास. टेबलाखाली त्यांच्या कामाच्या चपला राहिल्या आहेत, त्या तशाच ठेवल्या.

२९ ऑक्टोबर २०२३

इंजिन बसवलं. रोटॅक्स ९१२ यूएलएस, ऑस्ट्रियाचं, १०० अश्वशक्ती, १,३५२ सीसी. डोकी पाण्याने थंड होतात, सिलिंडर हवेने. ते मिनिटाला ५,८०० फेरे फिरतं, पण एवढ्या वेगात पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, चालत नाही, म्हणून पुढे गिअरबॉक्स, इंजिनाचे २.४३ फेरे तेव्हा पंख्याचा एक. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि प्रज्वलनाच्या दोन स्वतंत्र व्यवस्था. एक गेली तर दुसरी घरी आणते. चांगल्या ऑक्टेनचं गाडीचं पेट्रोल चालतं.

१४ जानेवारी २०२४

वायरिंग. बाहेर उणे १५. सोल्डर पकडेना म्हणून क्रिंपिंगच, म्हणजे टोकं दाबून बसवणं.

२१ जानेवारी २०२४

वायरिंग.

४ फेब्रुवारी २०२४

वायरिंग. रेडिओत घरघर येते, अर्थिंगची वायर दोन ठिकाणी जोडली होती. एक काढली, गेली.

१८ मे २०२४

वजन. तिन्ही चाकांखाली तीन काटे, विमान पाणसळीत. ८११ पौंड, ३६८ किलो. मर्यादा १,३२०, म्हणजे ५०९ पौंड उरले. दोन्ही टाक्या भरल्या तर पेट्रोलचे १४४. शिल्लक ३६५ पौंड, म्हणजे १६५ किलो: दोन माणसं आणि पिशवी. रंग मी पातळ एकच हात दिला होता, त्याबद्दल बरेच जण नाराज होते. आज बरं वाटलं.

नुसतं एकूण वजन पुरत नाही, ते कुठे पडतं हेही बघावं लागतं. गुरुत्वमध्य फार मागे गेला तर नाक खाली आणायला शेपटाची ताकद कमी पडते. चार प्रकारे हिशेब केला: मी एकटा आणि कमी पेट्रोल, दोघं आणि भरलेल्या टाक्या, सामानासह, सामानाशिवाय. चारही मर्यादेत.

२२ जून २०२४

इंजिन सुरू केलं.

त्याआधी दोन तास नुसतं तेल. या इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत असतं, नव्या नळ्यांत हवा असते, आणि हवा तशीच राहिली तर पहिल्या मिनिटात आतल्या भागांची नासाडी होते. वरचे चार प्लग काढून पंखा हाताने फिरवत राहायचं, दाबाचा काटा उचलेपर्यंत. उलटा कधीही फिरवायचा नाही. काटा उचलला तेव्हा माझे खांदे भरून आले होते.

प्लग परत लावले. चाकांना अडणी, शेपूट खांबाला बांधलेलं, शेजाऱ्याच्या हातात अग्निशामक. चोक, स्टार्टर. तिसऱ्या फेऱ्याला लागलं. २,००० वर दोन मिनिटं, मग २,५००, तेल ५० अंशांवर येईपर्यंत. मग बंद करून सगळ्या नळ्यांवर टिश्यू पेपर फिरवला. एका क्लॅम्पखाली कूलंटचा एक थेंब.

सगळा पत्रा थरथरत होता. मी पंखाखाली हात ठेवून उभा राहिलो. तीन वर्षं ही वस्तू गॅरेजमध्ये गप्प पडून होती.

१७ ऑगस्ट २०२४

तपासणी. विमान आता नदीकाठच्या छोट्या विमानतळावर, हँगरमध्ये. सरकारने नेमलेले निरीक्षक सकाळी आले. सगळी झाकणं उघडून ठेवली होती. त्यांनी प्रत्येक बोल्टच्या नटाबाहेर किती आटे दिसतात ते पाहिलं, दांडी हलवून फ्लॅपेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, योग्य दिशेला जातात का ते पाहिलं. दांडी डावीकडे, डावा वर. ही तपासणी साधी वाटते, पण उलट्या जोडलेल्या तारांनी माणसं गेली आहेत. मग दोन तास वही वाचली. कापलेल्या पट्टीच्या फोटोवर थांबले, काही बोलले नाहीत, पान उलटलं.

दुपारी विमान उडवायला लागणारा गुलाबी दाखला हातात आला. माझं इंजिन प्रमाणित प्रकारातलं नाही, म्हणून २५ ऐवजी ४० तास चाचणीचे. तोवर ठरलेल्या परिसरातच उडायचं आणि प्रवासी न्यायचा नाही. दाराजवळ दोन इंची अक्षरांत 'एक्सपेरिमेंटल'.

१४ सप्टेंबर २०२४

पहिलं उड्डाण. मागच्या महिन्यात याच जातीच्या दुसऱ्या विमानात प्रशिक्षकाबरोबर सहा तास केले होते, ते केल्याशिवाय बसलो नसतो.

सकाळी ७.१०. वारा शांत. पूर्ण ताकद दिली आणि मोजायच्या आतच चाकं सुटली. रडर फार हळवा आहे, पायाचा अंगठा दाबला तरी नाक वळतं. २,००० फुटांवर विमानतळाभोवतीच तीन फेऱ्या. तेलाचं तापमान ९८, दाब व्यवस्थित. उजवीकडे अगदी किंचित झुकतं, बोटाने सावरण्याइतकं. मी डाव्या पंखाचे कर्ण मोजले तो दिवस आठवत होतो. उजव्याचे मोजलेले आठवत नव्हते. खाली आल्यावर वहीत बघितलं, मोजले होते.

उतरताना ताशी ६० मैल आणि थोडी ताकद जमिनीपर्यंत ठेवली. हे विमान हलकं आहे आणि हवेत फार अडतं, थ्रॉटल लवकर मिटला तर दगडासारखं खाली येतं. एकदा उसळलं, मग बसलं. ०.६ तास.

इंजिन बंद केल्यावर फोन लावला. आबांनी पहिल्यांदा काहीच विचारलं नाही. मागून आईचा आवाज आला, उतरला का? मग आबा म्हणाले, रिवेट बघून घे.

बघितली. एका माणसाला दोन तास लागतात.

१२ ऑक्टोबर २०२४

९.८ तास. पंख्याचे बोल्ट पुन्हा ठरलेल्या ताणाला तपासले. डाव्या फ्लॅपेरॉनच्या कंसाजवळ दोन रिवेटभोवती काळपट ओघळ दिसला. ढिलं रिवेट हलतं, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी बाहेर येते, हा त्याचा माग. दोन्ही काढली. एकाच्या भोकात बर होती. ही मार्च २०२२ नंतरची, माझ्याच हातची. एक सुताची भोकं सव्वा सुताची केली, कडेचं अंतर मोजलं, तीन सूत. बर काढली, प्रायमर, नवी रिवेट. शेजारच्या सगळ्यांवर ब्लेड फिरवलं. बाकी घट्ट.

१ फेब्रुवारी २०२५

२५ तास. पहिलं तेल बदललं, फिल्टर कापून उलगडून पाहिला. स्वच्छ. चुंबकी बुचावर पिठासारखा बारीक गाळ, नव्या इंजिनाला चालतो तेवढा. उजवीकडचा झुकाव फ्लॅपेरॉनच्या दांडीला अर्धा आटा देऊन गेला.

१९ एप्रिल २०२५

४०.३ तास. चाचणीचा टप्पा संपला, वहीत तसा शेरा लिहून सही केली. आजपासून शेजारची सीट वापरता येते.

आई-आबांचं तिकीट २३ मेचं. ताईला फोन करून आबांना काट्यावर उभं करायला सांगितलं. ६१ किलो, चपलेसकट. मी ७८. आबांचे ६३ धरले, जाकीट घालतील म्हणून. एकूण १४१. टाक्या भरूनही २४ किलो शिल्लक राहतात.